गिबीची रेघ

आठ मुलं, चार टॅब्लेट,
खिडकीबाहेर येल बेटाचा तपकिरी पाठीचा माळ.
गुरुवारी सील बघायला किनाऱ्यावर जायचं, चालत.
वाट तुम्हीच ठरवा, मी म्हटलं,
आणि खुर्ची मागे ओढून बसले.

लॉरीने शाळेवर बोट टेकवलं, समुद्रावर उचललं.
रेघ नाकासमोर.
दोन किलोमीटर तीनशे. झालं की, बाई!
मी विचारलं, या बारीक निळ्या रेघोट्या कसल्या?
दलदल.
किती खोल?
जरा थांबून म्हणाला,
मागच्या वर्षी आमची मेंढी, पोटापर्यंत.
मग ती रेघ हळूहळू वाकायला शिकली.

थोराने दोन बोटांत स्क्रीन ताणला
आणि समोच्च रेषा मोठ्याने वाचल्या:
लांब लांब आहेत, गप्पा मारत चाला.
जवळ जवळ आल्या, तोंड मिटा.
एकमेकींना चिकटल्या,
तिथे बाई, तुम्ही खालीच थांबा.
माझे गुडघे या वर्गाला पाढ्यांसारखे पाठ आहेत.

नकाशा म्हणाला, पस्तीस मिनिटं.
ओस्लाने वहीत बेरीज मांडली:
ब्रायडीच्या बुटाची नाडी, पाच.
कुंपणावरच्या शिड्या तीन, प्रत्येकी चार,
कारण वर उभं राहून प्रत्येकाला ओरडायचं असतं.
शू, सहा.
वारा समोरून असला तर आणखी.
नकाशाला पाय नाहीत ना, बाई,
म्हणून त्याचं चुकतं.

गिबीची रेघ वेगळीच.
ओढ्यापाशी नीट चाललेली, ती एकदम
डावीकडे वळून, जुन्या पोस्टाच्या घरामागून,
लांबलचक वळसा घालून पुन्हा मार्गी लागायची.
का रे?
तिकडे कुत्रा आहे.
मग तर नकोच, ब्रायडी म्हणाली.
मतं घेतली. सात विरुद्ध एक.
रेघ पुसायला मी त्याला सांगितलं नाही.
मोठेपणा नव्हता तो, घंटा झाली होती.

गुरुवारी ओढा फुगलेला.
नकाशात ओलांडायची जागा होती,
ओढ्यात नुसतं पाणी.
समुद्रावरून धुकं चढत आलं
आणि निळा ठिपका आम्हा सगळ्यांना घेऊन
खाडीच्या मधोमध जाऊन बसला.
बुडालो! ओस्ला आनंदाने किंचाळली.
लॉरीने माझ्याकडे पाहिलं. मी टॅब्लेटकडे.
तिथे सगळ्यांच्या लाल रेघेशेजारी
करडी, बारीक, तशीच राहिलेली एक.

पुढे गिबी.
टॅब्लेट नको म्हणाला, हात खिशात.
पीटचे रचलेले ढीग,
मेंढ्या पाणी पितात तो गंजका बाथटब,
निळं दार, ज्याला आता घर नाही.
यातलं काहीच स्क्रीनवर नव्हतं.
पोस्टाच्या घरामागे साखळी वाजली.
म्हातारा कॉली, एका डोळ्यावर साय.
गिबीने खिशातून हात काढला,
हातात पावाच्या कडा.
रोज डबा रिकामा बघून मी त्याला शाबासकी देत होते.
ब्रायडी आधी माझ्यामागे, मग शेजारी, मग पुढे.
एकेक करून सगळी चिखलात बसली.

घरापलीकडे लाकडी फळ्यांचा पूल होता.
किनाऱ्यावर सील नव्हते.
किंवा असतीलही, धुक्यात.
परतायला उशीर झाला, आयांनी वाट पाहिली,
दोघींचे फोन आले, ते मी घेतले.

शुक्रवारी आमची चाललेली रेघ भिंतीवर लावली.
शाळेपासून समुद्रापर्यंत तशी बरी, शहाणी.
मधे एकाच ठिकाणी गाठ,
शिवताना दोरा गुंतावा तशी.
मुख्याध्यापकांनी चष्मा वर सरकवला:
इथे काय झालं?
आठही तोंडं मिटलेली.
कोणीतरी बाकाखाली बूट घासला.
मी गाठीवर बोट ठेवलं.
अक्षरं उमटली: थांबा,
अकरा मिनिटं, वेग शून्य.